एक भाग पिवळा कमी

पुण्यातली नोकरी सोडून मी सेलूला परत आले ती जलरंगांचं ॲप करायला, यावर आमच्या गल्लीत कुणाचाच विश्वास बसला नाही. ॲपचं काम तसं सोपं होतं. फोटो काढायचा, त्यात एका जागी बोट टेकवायचं आणि ॲपने सांगायचं, या रंगाला दोन भाग पिवळा, अर्धा भाग तपकिरी, किंचित निळा, बाकी पाणी. सोपं म्हणजे सांगायला सोपं. फोन एकच शेत सकाळी एका रंगाचं दाखवायचा आणि दुपारी दुसऱ्याच. खरा रंग ठरवायला पक्की नजर हवी होती, आणि ती तर घरातच चहा फुंकत बसली होती.

बाबांनी आयुष्यभर जिनिंगमध्ये, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, कापसाची प्रत ठरवली. गाडी आली की मूठभर कापूस घ्यायचे, सावलीत जाऊन उन्हाकडे पाठ करायचे आणि सांगायचे, हा एक नंबर, हा पिवळट, दोन नंबर. त्यावर भाव ठरायचा, पुढे कुणी वाद घालत नसे. निवृत्त होऊन त्यांना तीन वर्षं झाली होती, तरी आमच्या घरात त्यांच्या नजरेवर शंका घेणं म्हणजे आईला भाजी खारट झाली म्हणण्याइतकंच धोक्याचं होतं.

मी फोन त्यांच्यापुढे धरला. पिकलेल्या शाळू ज्वारीच्या शेताचा फोटो आणि खाली ॲपने जुळवलेला रंग.

"पिवळं लय झालंय," बाबा आजवर पाहिलेला शाळू आठवून म्हणाले.

"किती कमी करू?"

"एक भाग."

केला. मग मानवतच्या रस्त्यावरची बाभूळ. "हे बी पिवळं." भिंत, म्हैस, आईची साडी, सगळ्यातच पिवळं जास्त. मी फोनला शिव्या घालत एकेक आकडा कमी करत गेले. बाबा मात्र भलतेच खुलले. मी उठायच्या आत चष्मा पुसून तयार असायचे. "आज किती गाड्या हायेत?" म्हणायचे. त्यांना असं कामात बघून मला इतकं बरं वाटायचं की ॲप चालो न चालो, असंही कधी कधी वाटे.

तयार झालेलं ॲप मी शाळेतल्या माझ्या चित्रकलेच्या बाईंना दिलं. त्यांनी ते वापरून वालूरकडचं एक शेत रंगवलं आणि मला घरी बोलावलं. चित्रातला शाळू थंडगार, निळसर पडला होता.

"काय गं, शाळूला नीळ घातलीस का?"

माझं डोकंच फिरलं. "बाई, हे रंग माझ्या बाबांनी पारखलेत."

बाई शांतपणे ब्रश धूत राहिल्या. "त्यांचे डोळे कधी तपासलेत?"

मोतीबिंदू निघाला, तोही दोन्ही डोळ्यांत. डॉक्टर म्हणाले, डोळ्यातलं भिंग पिवळं पडलं की सगळंच पिवळं दिसतं आणि ते इतकं हळू होतं की माणसाला कळत नाही. आईला हसू आवरेना. "तरीच! धुतलेला सदरा मळका म्हणून परत टाकायलेत कवापासून!"

आधी उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. पट्टी निघाली त्या सकाळी बाबा अंगणात बसून एकेक डोळा झाकून सदरा बघत होते. "ह्या डोळ्यानं पांढरा, ह्या डोळ्यानं हळदीचा." आम्ही खूप हसलो. मग ते एकाएकी थांबले.

"किती वर्षांचं असंल गं हे?"

"पाच-सात तरी, म्हणाले डॉक्टर."

"म्हणजे जिनिंगमधी होतो तवापासून. चांगल्या कापसाला मी पिवळा म्हणलो असंन, माय. किती लोकायच्या."

दोन दिवस ते धड जेवले नाहीत. ॲपचं मला काहीच वाटेनासं झालं. आपल्या हातून लोकांवर अन्याय झाला, हे त्यांच्या मनातून कसं काढायचं ते मला कळत नव्हतं, आणि त्यांचा तो पडलेला चेहरा बघवत नव्हता.

तिसऱ्या दिवशी आईने त्यांचा जिनिंगचा जुना कोट उन्हात टाकला. खिशातून कागदाची पुडी पडली. आत कापसाचा पुंजका.

"नमुना हाय एक नंबरचा," बाबा म्हणाले. "हंगामाच्या सुरुवातीला मिळायचा. गाडीतला कापूस ह्याच्या शेजारी धरूनच बघायचा असतो. नुसत्या आठवणीवर कुठं प्रत ठरवतेत का?"

मी ताडकन उठले. "मग बाबा, तुमाला हा पुंजका बी पिवळाच दिसत असणार! दोन्ही सारखेच पिवळे. मग फरक तर तोच राहिला की!"

त्यांना पटेना. मी बाजारातून पाच गाड्यांचा मूठ मूठ कापूस आणला. बाबा सावलीत बसले, चांगला डोळा झाकला, पुंजका शेजारी धरून प्रती सांगितल्या. मी लिहून घेतल्या. मग मुठींची जागा बदलून मी त्यांना दुसरा डोळा झाकायला लावला. पाचही प्रती त्याच निघाल्या. बाबांनी वही स्वतः वाचली, दोनदा वाचली, आणि आईला म्हणाले, "वाढ. लय भूक लागली."

तिसरी भाकरी मोडताना म्हणाले, "फोनवरचे रंग मी नुसत्या आठवणीवर सांगितले, तितंच चुकलं. तुझ्या फोनला बी एखादा पुंजका दे की."

आता ॲप उघडलं की आधी हेच सांगतं, ज्या कागदावर रंगवणार त्याचा एक तुकडा फोटोत येऊ द्या. तो पांढरा धरून फोन बाकीचे रंग सुधारून घेतो. मी कमी केलेलं सगळं पिवळं परत घातलं. बाईंनी तोच शाळू पुन्हा रंगवून पाठवला. बाबांनी चित्र सावलीत नेलं, उन्हाकडे पाठ केली, खिशातला पुंजका काढून शेजारी धरला आणि बराच वेळ बघून म्हणाले, "एक नंबर."