तपासणीबाई आणि क्लबघराचा कठडा

तपासणीबाईंना हसू यायचं ते नेमकं नको तिथे. शाळेत मुख्याध्यापक गंभीर होऊन बोलायला लागले, की यांच्या पोटात उकळ्या फुटायच्या. थोरल्या बहिणीच्या लग्नातल्या एका फोटोत सगळे सरळ समोर बघतायत आणि बाई तेवढ्या पाठमोऱ्या आहेत, खांदे गदगदलेले. वडील त्यांना ‘खिदळी’ म्हणायचे. हिला पुढे नोकरी कोण देणार, या काळजीने आईचा जीव अर्धा व्हायचा.

नोकरी मिळाली ती नव्या इमारती तपासायची. म्हणजे अशी, की जिथे हसलं तर संपलंच. जिना अरुंद आहे, खिडकी उघडत नाही, आग लागली तर माणसं पळणार कुठून, असलं सगळं लोकांच्या तोंडावर सांगायचं, आणि ते रागाने लालबुंद होत असताना शांत उभं राहायचं. बाईंनी यावर एक उपाय शोधला होता. गालाचा आतला भाग दाताखाली धरायचा आणि मनातल्या मनात सांडपाण्याच्या पाइपांची मापं म्हणायची. त्याने हसू मागे हटायचं. पण चेहरा असा काही व्हायचा, की भल्याभल्या बांधकामवाल्यांना घाम फुटायचा.

त्यांच्या नवऱ्याचं चष्म्याचं दुकान होतं. ते म्हणायचे, “लोकांना वाटतं, बाई आता इमारत पाडायचा हुकूम देणार. मला एकट्याला ठाऊक आहे, की तू फुटायच्या बेतात असतेस.”

“अहो, हळू बोला,” बाई म्हणायच्या. “गिऱ्हाईक ऐकेल.”

गावाच्या कडेला एक मोठं तळं होतं आणि तळ्याकाठी वल्हवणाऱ्यांचा एक जुना क्लब. क्लबाचं लाकडी घर मोठ्या पुरात वाहून गेलं होतं. आता सभासदांनी तिथेच नवं घर बांधायला घेतलं होतं. अध्यक्ष होते एक निवृत्त कप्तान. सगळं आयुष्य मालवाहू जहाजांवर काढलेलं, पांढऱ्या झुबकेदार मिशा, आणि आवाज असा, की शेजारच्या माणसाशी बोललेलंही पलीकडच्या धक्क्यावर ऐकू जायचं. त्यांना हसताना कुणी पाहिलेलं नव्हतं.

नकाशे आले तेव्हाच दोघांची जुंपली होती. “जमीन पुराच्या खुणेच्या वर पाहिजे,” बाई म्हणाल्या. “पाण्याजवळ राहायचं म्हणून तर क्लब काढलाय!” कप्तान गरजले. “जवळ राहा ना. आत नका राहू,” बाई म्हणाल्या आणि पटकन गाल चावला. कप्तान धुसफुसत गेले, पण घर त्यांनी उंचावर घेतलं.

आता घर उभं राहिलं होतं. रंगसुद्धा लागला होता. बाई शेवटची तपासणी करायला आल्या तेव्हा दुपारचं ऊन पाण्यावर नाचत होतं आणि ताज्या लाकडाचा वास सुटला होता. कप्तान दारातच उभे होते. शेजारी त्यांची बायको, चाकांच्या खुर्चीत. एके काळी तळ्यावरची सगळ्यात वेगवान वल्हवणारी म्हणून तिचं नाव होतं. मग पायांनी दगा दिला. सगळे तिला कप्तानबाई म्हणायचे, आणि क्लबात खरा हुकूम तिचा चालायचा असंही म्हणायचे.

घर उंच झाल्यामुळे पायऱ्या वाढल्या होत्या, आणि पायऱ्यांशेजारी खुर्चीसाठी एक उतार केला होता. बाईंनी तो एकदा पाहिला, मग मान तिरकी करून पुन्हा पाहिला.

“कप्तानसाहेब, हा फार उभा आहे.”

“जागाच तेवढी आहे. लांब केला तर पाण्यात जाईल.”

“आत्ताही पाण्यातच जातोय,” कप्तानबाई खुर्चीतून म्हणाली. “फक्त मी आधी जाईन आणि उतार मागे राहील.”

बाईंनी गाल दाताखाली धरला. एक मापही आठवेना.

“नापास,” त्या कशाबशा म्हणाल्या.

आत दिवाणखाना प्रशस्त होता. क्लबाचे सभासद झाडून आले होते, चहा पीत होते, आणि बाई जवळ आल्या की सगळ्यांचे कप एकदम बशीत टेकत होते. पाण्याच्या बाजूला लाकडी गच्ची होती आणि तिकडे जायला काचेचं मोठं दार. बाईंनी ते उघडलं. ते आत उघडत होतं.

“हे बाहेर उघडायला हवं. गर्दी धावली तर आत ओढायला जागा राहत नाही.”

“आमचे सभासद शिस्तीचे आहेत,” कप्तान म्हणाले. “ते धावत नाहीत.”

“नापास,” बाई म्हणाल्या आणि गच्चीवर आल्या. कप्तान मागोमाग आले आणि दार आपसूक बंद झालं.

गच्चीचा कठडा म्हणजे कप्तानांचा अभिमान. जाड लाकडाच्या फळ्या, आणि त्यांत जहाजाच्या खिडक्यांसारखी गोल भोकं पाडलेली. क्लबाच्या सुताराने त्यावर जीव ओतला होता. बाईंनी पर्समधून एक लाकडी चेंडू काढला. कठड्याच्या फटीतून हा चेंडू गेला नाही पाहिजे, असा नियम. कारण चेंडू गेला की लहान मूलही जाऊ शकतं. बाईंनी चेंडू भोकाशी धरला. तो ‘डुबुक’ करून खाली पाण्यात पडला आणि निवांत तरंगायला लागला.

“हे काय?” कप्तान म्हणाले.

“नापास.”

“अहो, पण कुठलं मूल यात डोकं घालेल?”

“घालतात. भोक दिसलं की घालतात.”

“पण कशासाठी?”

“बघायला.”

“काय बघायला? वरून दिसतं तेच इथून दिसणार!” कप्तान तडक गुडघ्यावर बसले. हा मुद्दा एकदाचा निकालात काढायचा म्हणून त्यांनी भोकात डोकं घातलं. मग पलीकडून आवाज आला, “वा! इथून खरंच फार छान दिसतं.”

बाई वाट बघत राहिल्या.

“कप्तानसाहेब, या आता बाहेर.”

“येतोय.” थोडी धडपड. “येतोच आहे.” अजून धडपड. “बाई, जाताना कान मागे वळले होते. आता ते पुढे वळायला तयार नाहीत.”

बाईंनी गाल इतका चावला, की डोळ्यांत पाणी आलं. मापं म्हणायला घेतली. मोरीचा पाइप, संडासाचा पाइप, गच्चीवरून येणारा पाइप... तेवढ्यात कप्तानांचा चष्मा नाकावरून घसरला आणि चेंडूशेजारी पाण्यात गेला. चेंडू तरंगत राहिला, चष्मा बुडाला.

“मदत!” कप्तान ओरडले. जहाजावरचा आवाज तो! आत दिवाणखान्यात कप फुटल्याचे आवाज आले आणि शिस्तीचे सगळेच्या सगळे सभासद धावत सुटले. पुढचे दाराला येऊन थडकले, मागचे पुढच्यांना थडकले. आता दार ओढायला मागे कोण सरणार? हँडल कुणाच्या तरी पोटाखाली गेलं होतं. बाईंनी वळून पाहिलं. काचेवर सगळी नाकं चपटी होऊन चिकटली होती. मध्ये सुताराचा गाल पुरीसारखा पसरला होता आणि त्या पसरलेल्या गालातून तो ओरडत होता, “मागे सरा! अहो, मागे सरा!”

आणि बाई फुटल्या.

इतक्या वर्षांचं साठलेलं सगळं एकदम बाहेर आलं. त्या कठड्याला धरून हसल्या, मग खाली बसून हसल्या, मग बसवेना म्हणून फळ्यांवर आडव्या झाल्या. श्वास घ्यायला थांबायच्या, काचेकडे बघायच्या, की पुन्हा सुरू. “माफ करा,” त्या म्हणायच्या, “माफ—” आणि पुढचा शब्द हिंदकळून जायचा.

शेवटी दार उघडलं ते कप्तानबाईमुळे. तिने सगळ्यांच्या मागून खुर्ची फिरवली आणि अशी काही आरोळी ठोकली, की सभासद जागच्या जागी मागे वल्हवल्यासारखे सरकले. सुतार करवत घेऊन धावला. “कठड्याला हात लावायचा नाही!” भोकातून हुकूम आला. मग होडीला लावायचं ग्रीस आणलं, दोन्ही कानांना चोपडलं, आणि कप्तान बाटलीचं बूच निघावं तसे निघाले. कान काळे, मिशा काळ्या. ते बाईंकडे बघत राहिले. बाई अजून हुंदक्यांसारखं हसत होत्या. मग कप्तान पाठ फिरवून आत निघून गेले.

घरी पोचेपर्यंत बाईंचं हसू उतरलं होतं. नवऱ्याला सगळं सांगताना त्यांचा आवाज कापत होता.

“संपलं हो सगळं. सरकारी कामावर असताना मी जमिनीवर लोळून हसले. तक्रार जाणारच.”

“जाईल,” चष्मेवाले म्हणाले. “पण मला आधी सांग, तो गाल नक्की कसा दिसत होता?”

“चेष्टा करू नका.”

“बरं, नाही करत.” मग त्यांनी भिंतीवरच्या आरशाच्या काचेला हळूच गाल टेकवून पाहिला. बाईंना उशीत तोंड खुपसावं लागलं.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात बाई कानकोंड्या होऊन बसल्या होत्या. साहेबांनी बोलावलंच. बाई केबिनमध्ये गेल्या तर समोर कप्तान. कान धुतलेले, पण कडा अजून काळ्या. बाईंनी नजर खाली घातली.

“बाई,” कप्तान म्हणाले, “तुम्ही म्हणालात ते तिन्ही मुद्दे मला मान्य आहेत. दोन मी स्वतः सिद्ध केले.”

साहेब गोंधळून दोघांकडे आळीपाळीने बघत होते.

“आणि उताराचं आम्ही शोधून काढलंय. सरळ नेला तर पाण्यात जातो ना? मग आम्ही तो घराभोवती फिरवणार. हळूहळू चढत, सगळ्या बाजूंनी तळं दाखवत. कल्पना माझी नाही, आमच्या हिची आहे. काल हिने माझं डोकं असं अडकलेलं पाहिलं आणि घरी जाईपर्यंत हसत होती. जेवतानाही हसत होती. मध्येच म्हणाली, कागद आणा. तुम्हीच विचारा तिला, ती आलीय ना.”

“कुठे आहेत?” बाईंनी विचारलं.

उत्तर खिडकीतून आलं. “मी खाली आहे!” कप्तानबाईचा आवाज. “बाई, तुमच्या ऑफिसाला सगळ्या पायऱ्याच आहेत! इथला उतार कुठे ठेवलाय?”

साहेबांनी बाईंकडे पाहिलं. बाईंनी साहेबांकडे पाहिलं. बाई रोज याच पायऱ्या चढून लोकांना उतारांचे नियम सांगायला येत होत्या. त्यांना लाजही वाटली आणि तेवढ्यात पोटात ती ओळखीची उकळीही आली. गाल चावायला दात पुढे सरसावले, पण बाईंनी त्यांना रजा दिली.

“साहेब,” त्या खळखळून हसत म्हणाल्या, “आपण नापास!”

साहेब आधी रागावले, मग त्यांनी टेबलावरची फाइल तोंडासमोर धरली. फाइल हलायला लागली. कप्तानांच्या मिशाही कडेने थरथरल्या, आणि कुणाला खोकला वाटावा असा एक मोठा भोंग्यासारखा आवाज निघाला. ते त्यांचं हसणं होतं.

त्या दिवशी बाईंनी खाली जाऊन पायऱ्यांवर बसूनच नकाशा तपासला. कप्तानबाई खुर्चीतून बोट दाखवत होती. “इथे वळण घेतलं की सूर्य मावळताना दिसेल. इथे थांबायला सपाट जागा, दम लागला तर.” बाईंनी दोन ठिकाणी माप दुरुस्त केलं, बाकी सगळं बरोबर होतं. उतार नाही म्हणून ऑफिसाला नोटीस त्यांनीच काढली आणि साहेबांनी स्वतःच्या नावाने आलेली ती नोटीस सही करून घेतली.

क्लबघर उघडलं तेव्हा काचेचं दार बाहेर उघडत होतं, भोकांना सुताराने नक्षीदार जाळ्या बसवल्या होत्या आणि तो उतार घराभोवती शालीसारखा लपेटला होता. दिवाणखान्यात किती माणसं मावतील याची पाटी बाईंनीच लावायला लावली होती. पण त्या दिवशी अख्खं गाव लोटलं. बाई चष्मेवाल्यांबरोबर दाराशी आल्या, आत मोजलं आणि थबकल्या.

“भरलं,” त्या म्हणाल्या. “आपण बाहेर थांबायचं.”

“म्हणजे ज्यांनी घर पास केलं, त्याच बाहेर?” चष्मेवाले म्हणाले.

“त्याच तर.”

ते दोघे बाहेर उभे आहेत हे कप्तानांनी पाहिलं आणि तेही बाहेर आले. त्यांच्यामागून कप्तानबाई आली. मग सुतार, मग बाकीचे. हळूहळू आत कुणीच उरलं नाही आणि सगळं गाव काठावर, धक्क्यावर, गवतात पसरलं. कुणीतरी धक्क्याला एक होडी लावली.

“बाई, कधी बसलायत होडीत?” कप्तानबाईने विचारलं.

“नाही हो. आयुष्यभर काठावरच्या इमारतीच बघितल्या.”

“चला मग.”

सुताराने आणि कप्तानांनी मिळून कप्तानबाईला उचलून सुकाणूपाशी बसवलं. बाईंना वल्ही दिली. होडी एवढी डुलली, की बाई किंचाळल्या.

“हिला काय काय नियम लागतात?” त्यांनी घाबरत विचारलं.

“होडी तुमच्या खात्यात येत नाही,” कप्तानबाई म्हणाली. “इथे माझं ऐकायचं. उजवं ओढा! उजवं! अहो, ते डावं!”

होडी गोल फिरली. बाईंनी दुसरं वल्हं ओढलं, होडी उलटी गोल फिरली. काठावरून कप्तान सूचना ओरडत होते आणि चष्मेवाले टाळ्या वाजवत होते. पाणी अंगावर उडत होतं, केस सुटले होते, आकाश डोक्यावर गरगरत होतं आणि कप्तानबाई सुकाणूला लटकून “ओढा! ओढा!” करत होती. होडी काठापासून लांब कधी गेली हे दोघींनाही कळलं नाही. मग एकदम ती सरळ झाली. बाईंचे हात कसे कोण जाणे, लयीत आले होते.

“अशीच,” कप्तानबाई म्हणाली, यावेळी हळू. “आता थांबू नका.”

बाई थांबल्या नाहीत.