सोडलेल्या वांग्यांचं गाव

शरदिनी पाध्येला काशीच्या दूधविनायक मोहल्ल्यात कुणी लेखिका म्हणत नाही. गल्लीत तिचं नाव कारलं. तुपात तळलं, साखरेत घोळलं, तरी कडू ते कडूच, असं तिचे नातेवाईक तिच्या तोंडावर म्हणतात. खोटं कशाला बोलायचं, त्यात तथ्य आहे. जन्मभर बाईने शाळेत हिंदी शिकवलं आणि लिहिलं मात्र मराठीत, तेही निम्मं बनारसी. पुण्याचा संपादक फोनवर म्हणतो, "बाई, आमच्याकडे असं म्हणत नाहीत." ती म्हणते, "मग तुमच्याकडचं गाव तुम्ही लिहा," आणि फोन ठेवून देते. तिच्या तीन जाडजूड अद्भुत कादंबऱ्या महाराष्ट्रात लोक रांगा लावून घेतात. गल्लीत त्या एकानेही वाचलेल्या नाहीत, पण मत प्रत्येकाला आहे.

त्या कादंबऱ्यांचं मूळ शोधायला लांब जायला नको. काशीला आलेला मराठी माणूस आपली एखादी आवडती वस्तू इथे सोडून जातो. कुणी वांगं सोडतं, कुणी फणस, कुणी सीताफळ. ओंजळीत गंगेचं पाणी घ्यायचं, वस्तूचं नाव घ्यायचं, पाणी सोडायचं. मग ती वस्तू जन्मात तोंडात घालायची नाही. पाध्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या हेच काम. शरदिनीचा थोरला भाऊ दत्तात्रेय आजही बालाजी घाटावर छत्रीखाली बसून यात्रेकरूंकडून हे करून घेतो. त्याचा एक ठरलेला विनोद होता. "आवडतीच सोडायची बरं का! कारलं सोडून पुण्य लागत नाही." यजमान हसायचे, तोही पोट हलवत हसायचा.

लहानपणी एकदा शरदिनीने त्याला विचारलं होतं, "दादा, सोडलेली वांगी जातात कुठे?" त्याला काय डोंबल ठाऊक होतं! पण थोरला भाऊ कधी ठाऊक नाही म्हणतो का? त्याने गंगेपलीकडच्या ओसाड रेतीकडे बोट दाखवलं. "तिकडे. सोडपूरला. तिथे सोडलेल्या सगळ्या वस्तू राहतात. फणस त्यांचा राजा." मग रोज संध्याकाळी पायरीवर बसून तो तिला सोडपूरच्या बातम्या द्यायचा. आज वांग्यांनी बंड केलं. आज एका म्हातारीची तपकिरीची डबी आली आणि राजा शिंकून शिंकून बेजार झाला. शरदिनी तोंड उघडं टाकून ऐकायची. पुढे दत्तू पाठशाळेत गेला, शेंडी ठेवून शहाणा झाला आणि सोडपूर विसरला. ती विसरली नाही.

लिहायला लागल्यावर तिने एक पद्धत धरली. सकाळी भावाच्या छत्रीमागच्या पायरीवर त्याच्याकडे पाठ करून बसायचं आणि यात्रेकरू काय सोडतात ते ऐकायचं. वस्तूचं नाव घेताना माणूस जिथे अडखळतो तिथे गोष्ट असते, असं तिचं म्हणणं. साताऱ्याची एक बाई "आंबा" म्हणताना तीनदा थांबली, त्यातून पहिल्या कादंबरीची राणी झाली. दत्तात्रेयाला हे आवडायचं नाही, पण तो चालवून घ्यायचा.

मग एका मराठी वर्तमानपत्राने तिची मुलाखत छापली. सोडपूर सुचलं कुठून, या प्रश्नाला बाईंनी उत्तर दिलं होतं, "माझ्या आईकडून." आई म्हणजे अन्नपूर्णाबाई. त्या यात्रेकरूंना जेवू घालायच्या, ज्याने जे सोडलं ते त्याच्या पानात चुकूनही पडू द्यायच्या नाहीत. तेव्हा उत्तर अगदीच खोटं नव्हतं. पण भावाचं नाव त्यात कुठेच नव्हतं, आणि ते विसरून राहिलेलं नव्हतं. तिने ते गिळलं होतं. पोथ्या वाचणाऱ्या भावाने आपल्या लिहिण्याला जन्मभर फालतू म्हटलं, मग त्याला श्रेय कशाला द्यायचं?

दत्तात्रेयाने मुलाखत वाचली, घडी घातली आणि दुसऱ्या दिवसापासून यजमानांना सांगायला लागला, "वस्तूचं नाव माझ्या कानात सांगा. मोठ्याने बोलायचं नाही." मागच्या पायरीवर एक अक्षर पोहोचेना. शरदिनी पेटली. दुसऱ्या कादंबरीत तिने सोडपूरच्या वेशीवर भोपळेभट नावाचा एक ढेरपोट्या द्वारपाल बसवला. येईल त्या वस्तूचा तो आधी एक लचका तोडतो आणि मगच तिला आत सोडतो. शेंडी, ढेकर, पोट हलवत हसणं, सगळं हुबेहूब. वर्षभराने नाशिकचा एक यजमान घाटावर हात जोडून म्हणाला, "गुरुजी, भोपळेभट तुम्हीच ना? आमची वांगी जरा जपून खा." अख्खा घाट खदखदला. दत्तात्रेय बिचारा मधुमेहाचा, धड भातसुद्धा खात नाही. घरी येऊन तो जिन्यातूनच ओरडला, "ते गाव माझं होतं! चोर कुठली!"

"मग लिहायचं होतं तू," शरदिनी वरून म्हणाली. "कुणी हात धरले होते?"

तेव्हापासून वरच्या मजल्याचा खालच्या मजल्याशी संबंध उरला तो दत्तात्रेयाच्या मुलीपुरता. स्वरदा जिन्यात उभी राहून निरोप पोचवायची. "आत्या, आज खाली नको येऊ, बाबांचा मूड एकदम खराब है." अशातच अन्नपूर्णाबाई गेल्या. मणिकर्णिकेवर दोघं भावंडं एकाच चितेशी उभी राहिली, पण एकमेकांकडे बघितलं नाही.

वर्षश्राद्ध आलं. एरवी काशीत राहणारे पाध्ये काही सोडत नाहीत. पण आईबापांच्या वर्षश्राद्धाला प्रत्येक लेकराने आपली सगळ्यात आवडती गोष्ट त्यांच्या नावाने गंगेत सोडायची, ही घरची रीत. त्याशिवाय श्राद्ध पुरं झालं असं ते मानत नाहीत. घाटावर सारे नातेवाईक जमले. दत्तात्रेयाने आधी स्वतः मलइयो सोडला. थंडीतला तो दुधाचा फेस मधुमेह विसरून चोरून खायचा त्याचा शौक होता, त्यामुळे त्याचे डोळे खरोखर भरले. मग त्याने बहिणीच्या ओंजळीत पाणी घातलं.

"लिहिणं सोड," तो म्हणाला. "सगळ्यांना ठाऊक आहे, तुला तेच सगळ्यात प्रिय. आईची शेवटची इच्छा होती."

हे धादांत खोटं होतं. आई शेवटच्या महिन्यातसुद्धा विचारत होती, फणसराजा फौज घेऊन गंगा ओलांडतो की नाही. ती फौज आता तिसऱ्या कादंबरीत, पलीकडच्या रेतीत, पाण्याशी येऊन थांबली होती.

"मी पेढे सोडते," शरदिनी म्हणाली.

"पेढे तुला कधी आवडले? दुसरं काही म्हणालीस तर मी मंत्र म्हणणार नाही. आईचं श्राद्ध अर्धवट राहील, तुझ्यामुळे. आणि कानात नको, मोठ्याने बोल. ऐकू दे सगळ्यांना."

बिंदुमाधवकाका घरातले वडीलधारे. ते म्हणाले, "शरू, आईसाठी एवढं कर. कथाच तर आहेत." बाकीच्यांनी माना हलवल्या. एकही माणूस तिच्या बाजूचा नव्हता.

शरदिनीच्या बोटांतून पाणी गळत होतं. 'लिहिणं' म्हणून मोकळं व्हावं आणि उद्या गुपचूप लिहायला बसावं, हे दुसऱ्या कुणी केलं असतं. पण ती कितीही कडू असली तरी गंगेचं पाणी हातात घेऊन खोटं बोलणारी नव्हती. मग लिहिण्याएवढं प्रिय आपल्याला आहे तरी काय? तिने भावाकडे पाहिलं. त्याचा असा राग आला की त्याला पायरीवरून ढकलून द्यावं. आणि त्याच रागात तिला उत्तर सापडलं. ज्याचं काही वाटत नाही त्याच्यासाठी कुणी जाडजूड कादंबरी भरून राग काढत नाही.

"मी दत्तूदादा सोडला," ती मोठ्याने म्हणाली.

मग मागून कुणीतरी फिसकन हसलं. "घ्या! हिने तर कारलंच सोडलं की! गुरुजी, हे चालतं का?"

सगळे हसले. दत्तात्रेय हसला नाही. चालतं की नाही हे सांगायचं त्यालाच होतं, तिथे दुसरा कुणी भटजी नव्हता. नाही म्हटलं असतं तर बहीण पुन्हा पेचात सापडली असती आणि त्याला हवं होतं ते मिळालं असतं. त्याने तिच्या गळत्या ओंजळीत पुन्हा पाणी घातलं.

"चालतं," तो म्हणाला. "पाणी सोड."

त्याने मंत्र म्हटला. जन्मभर तोंडपाठ असलेल्या ओळीवर तो दोनदा अडखळला. ते शरदिनीने ऐकलं, आणि पाणी सोडलं.

नेम म्हणजे नेम. त्या दिवसापासून ती त्याच्याशी बोललेली नाही, जिन्यात समोर आला तर भिंतीकडे तोंड करते. तोही तिला हाक मारत नाही. तिसरी कादंबरी पुरी झाली, फणसराजाने गंगा ओलांडली. पुस्तकाची एक प्रत स्वरदाने खाली नेली, ती परत आलेली नाही.

शरदिनी अजून सकाळी मागच्या पायरीवर बसते, भावाकडे पाठ करून. कारल्याचा विनोद तिने पुन्हा ऐकलेला नाही. छत्रीखालून ऐकू येतं ते दत्तात्रेयाचं यजमानावर खेकसणं. "कानात काय पुटपुटता? मोठ्याने बोला. मागच्या पायरीपर्यंत गेलं पाहिजे."