सासरेबुवांचं विमान

न केलेल्या प्रवासांचा माझ्या बहिणीच्या सासऱ्यांइतका दांडगा अनुभव असलेला माणूस मी दुसरा पाहिला नाही. भोरच्या घरी झोपाळ्यावर बसल्या बसल्या त्यांनी काशी केली, रामेश्वर केलं, आणि काश्मीरच्या तर अर्ध्या वाटेतूनच थंडी बाधेल म्हणून परत आले. एकदा जवळच्याच आंबवड्याला सहल काढायचं ठरलं, तेव्हा तयारी इतकी कसून झाली की निघायच्या दिवशी सगळं घर दमून झोपलं आणि आंबवडं जागच्या जागी राहिलं. सासरेबुवांना त्याचं काहीच वाटलं नाही. "बेत पक्का झाला ना? मग जाणं काय, केव्हाही होईल," असं ते म्हणाले.

या सगळ्या बेतांचा राजा म्हणजे विमानाचा बेत. मोठ्या लढाईच्या काळात ते वेल्ह्याच्या कचेरीत कारकून होते. एका पावसाळी दुपारी धुक्यातून एक विमान घरघरत डोक्यावरून गेलं आणि समोरच्या डोंगरावर धाडकन आवाज झाला. सगळी कचेरी तिकडे धावली. यांना मात्र साहेबांनी दप्तर सांभाळायला मागं ठेवलं. ती रुखरुख त्यांनी पंचवीस-तीस वर्षं जपली. आल्यागेल्याला ते ही हकीकत सांगत, आणि दर खेपेला विमान थोडं खाली येई. माझ्या भाचीच्या बारशापर्यंत ते कचेरीच्या कौलांना घासून जाऊ लागलं होतं.

साठी उलटून गुडघे कुरकुरू लागले, तसा डोंगर चढून ते पडलेलं विमान एकदा पाहून यायच्या या बेताला जोर चढला. त्या हिवाळ्यात मी बहिणीकडे गेलो तर माजघरात सभा भरलेली. पाटावर तांदळाचा ढीग म्हणजे डोंगर आणि त्यात खोचलेली पळी म्हणजे विमान. सासूबाई भातासाठी त्यातलेच तांदूळ घ्यायला आल्या, तर सासरेबुवा म्हणाले, "अगं, पलीकडून घे. अलीकडून आपली वाट आहे." बहिणीकडे औषध खातं आलं, माझ्याकडे पिछाडी आणि सासूबाईंकडे अन्न खातं. "खातं कसलं डोंबलाचं," सासूबाई म्हणाल्या, "चूल तीच आणि मीही तीच."

मग शेजारच्या उत्रोलीपर्यंत रंगीत तालीम झाली. डोंगरावर कुणी घसरू नये म्हणून सासरेबुवांनी मला आणि मेहुण्यांना एकाच दोराला बांधलं आणि भातखाचरांच्या बांधावरून चालवलं. दोराचं टोक हातात धरून, काठी टेकत ते स्वतः पुढं. बांधावरच्या एका म्हाताऱ्यानं मला हळूच विचारलं, "चोरी कुठं केली रं?"

आणि आश्चर्य म्हणजे आम्ही खरोखरच निघालो. मेहुण्यांना रजा मिळाली नाही, भाचीला ताप म्हणून बहीण राहिली. सासरेबुवा, सासूबाई आणि मी असे तिघं एस.टी.नं वेल्ह्याला उतरलो आणि डोंगराच्या पायथ्याच्या वस्तीपर्यंत चालत गेलो. तेवढ्यातच सासरेबुवांच्या गुडघ्यांनी राजीनामा दिला. ते एका गोठ्यापुढच्या दगडावर बसले आणि घरधनिणीला विमानाचं विचारू लागले.

"त्ये व्हय?" ती म्हणाली. "पत्रा समदा गावानं नेला की. हे गोठ्याचं दार त्याचंच हाय."

सासरेबुवा उठले. दाराच्या पत्र्यावर खिळ्यांच्या बारीक रांगा होत्या. त्यांवरून त्यांनी बोट फिरवलं. आत म्हैस रवंथ करत होती. "आणि माणसं?" त्यांनी विचारलं.

"वरच ऱ्हायली. आमची सासू सांगायची, लई तरणी पोरं हुती."

सासरेबुवा डोंगराकडे बघत राहिले. दोन पावलं चढले, थांबले आणि परत दगडावर येऊन बसले. त्यांचा चेहरा असा पडलेला मी कधी पाहिला नव्हता. तेव्हा सासूबाईंनी डब्यांची पिशवी त्यांच्याजवळ ठेवली, पदर खोचला आणि म्हणाल्या, "तुम्ही बसा. मी बघून येते."

घरधनीण वाट दाखवायला पुढं झाली. पिछाडीला मी. उभ्या आयुष्यात भोरच्या नदीपलीकडे फारशी न गेलेली ती बाई कारवीच्या झुडपांना धरत, मध्येच दम खात चढत गेली. वर एका सपाट तुकड्यावर नुसतं वाळलेलं गवत होतं. सासूबाई वाऱ्यात हात जोडून उभ्या राहिल्या. मग वळून त्यांनी खालचं सगळं खोरं पाहिलं, आणि बराच वेळ पाहतच राहिल्या.

परतीच्या गाडीत सासरेबुवा त्यांच्या शेजारी सरकून बसले. "पहिल्यापासून सांग," म्हणाले. त्या सांगू लागल्या: वाट कशी वळते, कारवी कुठं संपते, गवत केवढं आहे. एरवी दुसऱ्याचं वाक्य पुरं होऊ न देणारा तो माणूस मान खाली घालून ऐकत होता. मध्ये नसरापूर आलं, गेलं. कापूरहोळच्या पुढं सासूबाईंचं सांगून संपलं.

"दमलीस का गं?" सासरेबुवांनी विचारलं. हा प्रश्न त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकत होतो.

"नाही," सासूबाई खिडकीबाहेर बघत म्हणाल्या. "अजून थोडं वर जाता आलं असतं."

सासरेबुवांनी अंगावरची शाल काढून त्यांच्या पायांवर घातली, आणि भोर येईपर्यंत कुठलाही बेत केला नाही.