मूल्यमापनाचे पाहुणे

हिंगोली वेगळा जिल्हा झाला, त्या सुमाराला मी औंढ्याजवळच्या एका तांड्यावर संस्थेचं हंगामी वसतिगृह सांभाळत होते. दिवाळी झाली की आईबाप ऊसतोडीला जायचे आणि लेकरं माझ्याजवळ राहायची. दोन वेळा गरम जेवायची, शाळा बुडवायची नाहीत.

संस्थेच्या सरांना असं वसतिगृह आणखी तांड्यांवर काढायचं होतं. देणगीदारांना फायदा दाखवला तर पैसा वाढेल, म्हणून त्यांनी स्वतःहून मूल्यमापन मागवलं. हात दाखवून अवलक्षण!

उन्हाळ्यात माणसं तोडीवरून परतल्यावर पुण्याहून दोघं जण आले. लिंबाखाली बसून बायांना विचारू लागले, वसतिगृहाचा काय फायदा झाला?

"काय बी न्हाई भेटलं साहेब," पहिलीच म्हणाली. "लेकरं उपाशीच ऱ्हातेत."

माझ्या हातचं खाऊन तिची पोरगी बाळसेदार झाली होती. त्या क्षणी ती पोरगी पाहुण्यांच्या जीपवरची अक्षरं मोठ्यानं वाचून दाखवत होती. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पुढच्या सगळ्या बायांनी तेच सांगितलं.

खोटारड्या नव्हत्या त्या. दारिद्र्यरेषेच्या पाहणीत ज्यांनी घरात सायकल आहे, पंखा आहे असं खरं सांगितलं, त्यांची पिवळी रेशनकार्डं गेली होती. कागद घेऊन आलेल्या माणसापुढं 'मिळालं' म्हणायचं नाही, हे तांड्यानं तेव्हाच गाठीला बांधलं. दुधानं पोळलेली माणसं ताकही फुंकूनच पिणार.

मी हे पाहुण्यांना सांगायला गेले. "मॅडम, तुम्ही मध्ये बोलू नका, उत्तरं बिघडतात," म्हणाले. एका दुपारीत त्यांना तांडा कळला होता. आणि आमचे सर? ते पाहुण्यांच्या चहात साखर बरोबर आहे का, ते बघत होते. सरांवरचा माझा राग अजून गेलेला नाही.

अहवालात आलं, 'परिणाम दिसून येत नाही.' वसतिगृह बंद झालं.

दिवाळीनंतर तांड्यात ट्रक लागले. भांडी, बाजरीची पोती, शेळ्या आणि पोत्यांवर बसलेली लेकरं. पाहुण्यांना पहिलं उत्तर देणारी तीच बाई माझ्याजवळ आली. चिडली होती.

"आमी तर काहीच न्हाई भेटलं म्हणून सांगितलं होतं, बाई. मंग वाढवून द्यायचं सोडून होतं ते बी काहून बंद केलं?"

ती ट्रकमध्ये चढली आणि तिनं कडेवरचं तान्हं त्याच वाचणाऱ्या पोरीच्या मांडीवर दिलं. आई ऊस तोडेल तोवर ते आता पोरीनंच सांभाळायचं होतं.