प्लीज कॉल द रिलेटिव्ह

बाळांनो, तुमची आजी मत्सरी आहे, हे दुसऱ्या कोणी सांगण्याआधी मीच लिहून ठेवते.

शाळेतून निवृत्त झाल्यावर मंचरच्या एका दवाखान्यातल्या नर्सेसना मी दुपारी इंग्रजी संभाषण शिकवत असे. त्या मुलींना परदेशी नोकऱ्या हव्या होत्या. मी सुवाच्य अक्षरात संवाद लिहून द्यायचे, त्या पाठ करायच्या. मग अवसरीची एक नर्स आखातातून सुट्टीवर आली आणि रिकाम्या वॉर्डात, एकीला पेशंट म्हणून खाटेवर झोपवून, इंग्रजी शिकवू लागली. आठवड्याभरात माझ्याकडे बोरीची एकच मुलगी उरली. सोमवारी तिची फोनवर मुलाखत होती.

"मॅडम, तिकडं लई मजा येती म्हणं. आपुन बी जाऊ की!"

गेले. त्या बाईचं इंग्रजी किती कच्चं आहे, ते ऐकायलाच गेले.

तिनं मलाच खाटेवर झोपवलं. "ह्या आपल्या म्हाताऱ्या पेशंट. जेवत न्हाईत. काय करशील?"

बोरीच्या मुलीनं माझा संवाद घडाघडा म्हटला, "प्लीज कॉल द रिलेटिव्ह."

"आनि नातेवाईक आनायचा कुठनं? तिकडं उशाशी कोन बसत नाय, बाई. आजींशीच बोल."

सगळ्या हसल्या. मी छताकडे बघत राहिले. आपल्याकडे नर्स सुनेशी बोलते, भावाशी बोलते. पेशंट नुसता ऐकतो. माझे सगळे संवाद तसेच होते. परदेशातला दवाखाना मी पाहिला होता कुठे?

मुलगी माझ्यावर वाकली. "व्हाय यू नॉट ईटिंग?"

वाक्य चुकलं होतं. दुरुस्त करायला माझं तोंड उघडलंही. पण तिचा हात माझ्या खांद्यावर होता आणि ती खरोखर उत्तराची वाट बघत होती. मी म्हटलं, "आय ॲम नॉट हंग्री."

सोमवारी मुलाखतीला फोनपाशी सोबत कोणाला बसवू, असं मुलीनं मला चाचरत विचारलं. "त्या बाईलाच बसव," मी म्हटलं आणि सोमवारी व्हरांड्यात जाऊन बसले. आतून त्या दोघींचं हसणं ऐकू आलं, तेव्हाच कळलं की नोकरी मिळाली. पेढा आधी तिला मिळाला, मग मला.

अजून दर दिवाळीला त्या मुलीचा तिकडून फोन येतो. मी आधी विचारते, "तिला केलास का?" केला असेल, तर मी फार वेळ बोलत नाही.