तिसऱ्या भेटीपर्यंत मागायचं नाही

ठाण्यापासून कल्याणपर्यंत असं एकही घर नसेल ज्याचा विजेचा मीटर कुठे बसवलाय हे आमच्या मामांना ठाऊक नाही, आणि असं एकही काम नसेल जे त्यांनी तीन फेऱ्यांच्या आत उरकलंय. मामा म्हणजे आईचे मावसभाऊ, मुक्काम डोंबिवली. तीस वर्षं दारोदार हिंडून मीटरचं रीडिंग घेतलं आणि निवृत्त झाले. माणसं त्यांना नावानिशी आठवत नाहीत, मीटरनिशी आठवतात. "जिन्याखाली, डावीकडे, वर कोळ्याचं जाळं" एवढं म्हटलं की त्यांच्या डोळ्यांपुढे अख्खं कुटुंब उभं राहतं. मीटरपुढे चपलांचा स्टँड ठेवणारी माणसं आपमतलबी, आणि रीडिंग घेणाऱ्यासाठी स्टूल पुढे करणारी देवमाणसं, ही त्यांची माणसं पारखायची रीत. वैताग असा की ती सहसा चुकत नाही.

या मामांच्या तावडीत मी सापडले ती कॉलेजच्या शेवटच्या वर्षी. दहा मिनिटांची फिल्म करून द्यायची होती. ती दिली नाही तर वर्ष वाया. माझी गोष्ट होती दोन बहिणींची. आई गेल्यावर तिच्या स्वयंपाकघरातली भांडी वाटून घ्यायला त्या बसतात. म्हणजे मला हवं होतं एक जुनं, नांदतं, उजेडाचं स्वयंपाकघर, फक्त दोन दिवसांसाठी. आमचं दिवा स्टेशनजवळचं घर असं, की ओट्याशी एक बहीण उभी राहिली तर दुसरीला जिन्यात पाठवावं लागेल आणि कॅमेऱ्याला शेजाऱ्यांकडे. शूटिंगसाठी बंगला भाड्याने देणाऱ्या एकाला फोन केला, तर दिवसाचं भाडं ऐकून बाबा म्हणाले, "फिल्मऐवजी निबंध चालेल का, विचार बघू." तेव्हा मामा पुढे झाले. "जागेची काळजी सोड. जागा मी बघतो." मी सोडली. तिथेच चुकलं.

कारण मामांचा एक नियम होता. पहिल्या भेटीत मागायचं नसतं. दुसऱ्या भेटीतही नसतं, कारण मग पहिली भेट मतलबाची होती असं दिसतं. तिसऱ्या भेटीत समोरच्याने होऊन "काही काम होतं का?" असं विचारलं, तरच विषय काढायचा. टेंभी नाक्यावरच्या एका काकूंचं स्वयंपाकघर बघून माझा जीवच त्यात अडकला होता. पितळी डबे, काळवंडलेली लाकडी फळी, खिडकीतून येणारा तिरका उजेड. मी तोंड उघडलं, "काकू, आम्हाला शूटिंग..." तोच मामांनी टीपॉयखालून माझा पाय दाबला आणि म्हणाले, "हिला तुमच्याकडून चकली शिकायचीय!" दुसऱ्या भेटीत मी खरोखर दोन किलोंच्या चकल्या पाडल्या. मामा तेव्हा बशीतला चहा पुरवून पुरवून पीत काकूंच्या कमरेच्या दुखण्याची कथा पहिल्यापासून ऐकत होते. असे तीन आठवडे गेले. ठाणे, कळवा, कल्याण मिळून नऊ घरं झाली आणि नवव्या घरचे पोहे खाताना मला रडू यायचं बाकी होतं.

टेंभी नाक्याच्या काकूंनी तिसऱ्या भेटीत एकदाचं विचारलं. मामांनी सांगितलं. "अहो, मग आधी नाही का बोलायचं!" काकू हरखून गेल्या. शूटिंगच्या दिवशी सकाळी आम्ही कॅमेरा घेऊन पोचलो आणि दारातच थिजलो. आपलं घर फिल्ममध्ये येणार म्हणून काकूंनी स्वयंपाकघर पोपटी रंगवून घेतलं होतं. फळी काढलेली, पितळी डबे माळ्यावर, त्यांच्या जागी प्लॅस्टिकचे नवेकोरे, खिडकीला फुलाफुलांचा जाड पडदा. काकू ठेवणीतली साडी नेसून आमच्या तोंडाकडे बघत होत्या. मी म्हटलं, "छान झालंय, काकू." दुसरं काय म्हणणार? कॅमेरा बिघडलाय अशी थाप मारली, चहा घेतला आणि आम्ही बाहेर पडलो.

जिन्यात मात्र माझा तोल गेला. "मामा, चार दिवस राहिलेत! तुम्हाला जागा शोधायचीच नाहीये. तुम्हाला नुसतं लोकांकडे जाऊन बसायचंय!" मामा खालच्या मीटरकडे बघत राहिले. मग म्हणाले, "खरंय गं. तीस वर्षं या सगळ्यांच्या दारात उभा राहिलो. या, बसा, असं फारसं कुणी म्हणायचं नाही, आणि म्हटलं तरी मला वेळ नसायचा. तुझ्यामुळे आत जायला मिळालं." मला अगदी मेल्याहून मेल्यासारखं झालं. राग मात्र तरीही गेला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला मामा दिव्याला हजर. तिथून आम्ही कोलशेतला एका कोळीण मावशीच्या घरी गेलो. पहिलीच भेट. मामा उंबऱ्याबाहेर चपला न काढताच उभे राहिले आणि एका दमात म्हणाले, "मावशी, पोरीचं वर्ष जातंय. तुमचं स्वयंपाकघर दोन दिवस द्याल का? रंग तेवढा लावू नका." बोलताना त्यांचे कान लाल झाले होते. आयुष्यभर पाळलेला नियम त्यांनी माझ्यासाठी मोडला होता. मावशी म्हणाली, "आदी घरान तं या! दारान उभं राहून काय मांगताव?"

फिल्म झाली, मी पास झाले. त्याला आता तीन वर्षं होतील. मी लग्नांच्या व्हिडिओंचं एडिटिंग करते, आणि दुसरी फिल्म माझ्या हातून होईल अशी चिन्हं नाहीत. पण हे मामांना कोण सांगणार? दर शुक्रवारी त्यांचा फोन येतो. "अगं, कल्याणला एक जागा बघून ठेवलीय. मीटरपुढे चपलांचा स्टँड नाही!" मी चिडते, कामं पडलीत म्हणून ओरडते, आणि रविवारी जाते. गेल्या रविवारी त्या कल्याणच्या घरी आमची तिसरी फेरी होती. तिथल्या काकूंनी चहा ठेवला आणि विचारलं, "काही काम होतं का?" मामांनी मोठ्या आशेने माझ्याकडे पाहिलं. मी टीपॉयखालून त्यांचा पाय दाबला आणि म्हटलं, "काम काही नाही, काकू. तुमच्याकडून अनारसे शिकायचेत."