स्टॉरी कुणाची

हनीफभाईंच्या छापखान्यात उशिरा आलेल्याला कारण पूर्ण सांगू दिलं जायचं. जुन्नरच्या बाजारपेठेत एवढी मुभा दुसरीकडे नव्हती. चष्मा कपाळावर चढवून, शाईचे हात पुसत ते ऐकायचे. आणे गावच्या एका पाहुण्याला लग्नपत्रिकेचं प्रूफ तपासायला आठवडा लागला, त्याच्या कारणात म्हैस, मोटारसायकल आणि मेहुणा अशी तिघं आली. तो थांबल्यावर हनीफभाई म्हणाले, "राव, माफी मागायची तर सॉरी म्हना. गोष्ट सांगायची तर ती स्टोरी. तुमची ही स्टॉरी झाली!"

सगळे हसले. मीही हसलो, आणि तो शब्द उचलून घरी आणला.

मी कॉलेजात इंग्रजी शिकवतो. बढतीसाठी शोधनिबंध हवा होता. इंग्रजी कादंबऱ्यांतले काही निवेदक गोष्ट सांगता सांगता माफी मागतात. त्या प्रकाराला मी ‘स्टॉरी’ म्हटलं, स्पेलिंगमध्ये दोन ‘आर’ घातले आणि तळटीप दिली : ‘संज्ञा माझी.’ एरवी तळटीप कोण वाचतं? नेमकी हीच वाचली गेली. शब्द चालला. शेवटी आमच्याच कॉलेजात त्याच्या उगमावर चर्चासत्र ठरलं.

निमंत्रणपत्रिका छापायला हनीफभाईंकडेच दिली.

"सर, ही स्टॉरी म्हंजी आपलीच न्हवं का?"

"नाही हो. ही इंग्रजी साहित्यातली संज्ञा. वेगळी."

"आसं व्हय! आन् आमी येड्यावानी कुनालाबी म्हनत व्हतो."

त्यांनी ‘संज्ञेचे जनक’ आणि त्याखाली माझं नाव ठळक टाइपात छापलं.

चर्चासत्रात एका विद्वानांनी शब्दाचं मूळ लॅटिनमध्ये दाखवलं, दुसऱ्यांनी ते खोडून ग्रीकमध्ये नेलं. छापखाना तिथून चालत पाच मिनिटांवर होता. मी शाल घेतली, नारळ घेतला.

पुढच्याच आठवड्यात बिल द्यायला गेलो, तर निमगाव सावाचा एक जण आपलं लांबलचक कारण संपवत होता. ऐकणाऱ्यांनी आधीच हसायची तयारी केली होती. "भाई, म्हना की आता!"

"न्हाई भाऊ. त्यो सरांचा शबुद हाय, पुस्तकातला. आपन लई चुकीचा वापरत व्हतो." मग माझ्याकडे वळून, "बरोबर ना, सर?"

मी मान हलवली. होकारार्थी.

त्यानंतर दोन वर्षांनी ते गेले. तोवर कारणं सगळ्यांची ऐकत राहिले, अगदी शेवटपर्यंत. ऐकून झालं की नुसतं "बरं" म्हणायचे.